अर्धं हळकुंड

जुन्या वहीला पुराचं पाणी लागलं,
शाई पांगली, म्हणून पोकर मंडळाचे नियम पुन्हा लिहितोय.
काही आठवले, काही भांडून ठरले.
एक कुणालाच आठवेना, त्याची जागा मोकळी सोडलीय.

सभासद व्हायला फी नाही.
येताना एकवीस हळकुंडं आणावीत,
राजापुरी, पॉलिश केलेली.
सेलम चालणार नाही, हा मगदूमअण्णांचा हट्ट,
मी नुसता चिटणीस.
टोका लागलेलं हळकुंड अर्धं धरलं जाईल,
आणि अर्ध्या हळकुंडानं जो पिवळा होईल
त्यानं त्या रात्री सगळ्यांना चहा पाजायचा.

पैसा टेबलावर येणार नाही,
खिशातला, फोनमधला, उद्या-देतोचा, कुठलाच.
यार्डातले सौदे दिवसा संपतात.
गुरुवारी साडेआठला शटर अर्धं ओढून
आपण बसतो ते भाव विसरायला.

भडंग खाल्लेला हात पत्त्यांना लावू नये.
मागे इस्पिकच्या राणीला तेल लागलं,
महिनाभर ती पाठीवरून ओळखू येत होती.
बिरनाळेवहिनी तेव्हा सलग चार गुरुवार जिंकल्या.
आम्ही काही बोललो नाही. गड्डी बदलली.

थाप मारायला पूर्ण मुभा आहे,
टेबलाच्या कडेपर्यंत.

चेहऱ्याविषयी नियम नाही.
इथले निम्मे लोक टॉवेलाखाली बोटं दाबून
भाव करत म्हातारे झाले.
करंगळी खोटं बोलताना भुवई हलवायची नाही,
हे त्यांना कोण शिकवणार?

'सभासद पुरुष असावा' असं पूर्वी होतं.
ते वाक्य पुरानं पुसलं की वहिनींनी,
याची चौकशी करू नये असा ठराव झालाय.

सगळं हरलेल्याला बाहेर काढायचं नाही.
पाच हळकुंडं द्यायची, वहीत न लिहिता.

कलम नऊ: खेळणारा उठून गेला, तर त्याचा हात मेला.
पानं गड्डीत, डाव पुढं.
हे मीच लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून.

मग एका गुरुवारी दस्तगीर शिकलगारनं
सगळी हळकुंडं पुढं सारली, म्हणाला, 'आत',
आणि छातीवर हात ठेवून बाकड्यावर कलंडला.
हळदीच्या टेम्पोतनंच मिरजेला नेला.
पुलाच्या अलीकडं तो काहीतरी पुटपुटला,
ते रंगाचं नाव होतं की पाण्याचं, कळलं नाही.

त्याची दोन पानं पालथी,
टेबलावर पाच उताणी, मधे ढीग.
सात गुरुवार आम्ही खाली पोत्यांवर बसलो,
खेळलो नाही, नुसता चहा.
कुणी पान उलटलं नाही.
झाडतानाही मी फडकं कडेकडेनंच फिरवलं.

आठव्या गुरुवारी त्याची नाहिदा आली,
कुपवाडला लेथवर असते ती.
चाळिसावा उरकला होता.
म्हणाली, अब्बांचा चष्मा राहिलाय का इथं?
चष्मा दिला. ती टेबलाकडं बघत राहिली.
मग खुर्ची ओढून बसली,
दोन्ही पानांची कड अंगठ्यानं जराशी उचलली,
तो उचलायचा तश्शी,
आणि परत खाली ठेवली.
'अब्बांनी आत म्हटलंय ना? मग बघताय काय?
कॉल करा, नाहीतर टाका.'

वहिनींनी टाकली.
मी टाकली.
मगदूमअण्णांनी चष्मा पुसला, पाणी मागितलं,
पुन्हा पुसला. त्यांच्याकडं तीन गुलाम होते,
हे त्यांनी मला दिवाळीत सांगितलं.
टाकली त्यांनीही.

तिनं पानं न दाखवता गड्डीत मिसळली,
ढीग ओढणीत घेतला,
आणि विचारलं, पुढच्या वेळी किती वाजता?

कलम नऊ खोडलंय. खोडलेलं वाचता येतं, तेवढंच.

ताजा कलम. नव्या सभासदाची एकवीस हळकुंडं
मोजून घेतली. एक टोकलेलं निघालं.
नियमाप्रमाणं अर्धं धरलं.